दोनदा आठ

आठ म्हटलं की काठी धरणाऱ्यानं डोळे मिटायचे, ही ऑरिन हॉलक्विस्टनं घालून दिलेली रीत. लाकडी गल्लीतून वासरं एकामागून एक पुढे येत, फाटकापाशी उभं असलेलं माणूस मोठ्यानं आकडा म्हणे, आणि दहाव्याच्या पाठीवर काठीच्या टोकाचा तांबडा रंग लागे. त्या क्षणापासून ते वासरू देवाचं. ऑक्टोबरात बाजारात त्याचं जे येईल ते चर्चचं. रोडकं असो की गुटगुटीत, बदलायचं नाही. डोळे उघडे राहिले तर हात जरा आधी पडतो किंवा जरा नंतर, हे ऑरिनला बहुधा स्वतःवरूनच कळलं असावं.

यंदा ऑरिन नव्हता. जानेवारीत, उंबऱ्यापर्यंत बर्फ साचलेलं असताना, तो गेला. मे महिन्यात वासरांना मालकीचा डाग देण्याचा, डागणीचा दिवस आला तेव्हा काठी थोरल्या मुलाच्या, थेरनच्या हातात आली. आकडे म्हणायला त्यानं धाकट्या भावाच्या बायकोला उभं केलं.

"मी कशाला? जोलीन आल्यात ना लिंकनहून. लहानपणी त्याच म्हणायच्या," मॅरन म्हणाली.

"जोलीनचा विश्वास नाही यावर. तू शिकलेली आहेस, चुकायची नाहीस."

मॅरन चुकली नव्हतीच. चौथ्या फेरीतलं आठवं वासरू गेलं, थेरननं डोळे मिटले, आणि तिला दिसलं, पुढचं एक सोडलं की मागे बिस्किट आहे. थंडीनं एका कानाचं टोक झडलेलं, त्याची आई मेल्यावर मॅरनच्या लेकीनं, टेसीनं चिखलाच्या बुटांच्या खोलीत, जुन्या ब्लँकेटवर, बाटलीनं वाढवलेलं वासरू. आजोबा गेल्यापासून सहा वर्षांची टेसी घरात फक्त कुजबुजायची. जेवायला हाक मारली तर कुजबुज, पाय ठेचला तर कुजबुज. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. बिस्किटाशी मात्र ती मोठ्यानं बोलायची. मॅरन बंद दाराला कान लावून ते ऐकायची, रोज.

नववं वासरू काठीखालून गेलं, आणि मॅरनच्या तोंडून निघालं, "आठ."

मग बिस्किट. "नऊ."

मग एक कालवड, तोंड पांढरं, पाठ सरळ, चाल ऐटीची. "दहा."

काठी खाली आली. कुंपणाच्या वरच्या फळीवर बापाची टोपी घालून बसलेल्या टेसीकडे मॅरननं पाहिलं नाही.

*

मदतीला आलेले शेजारी आपापल्या गाड्यांतून परतले तेव्हा दुपार उतरायला लागली होती. जेवायला घरचीच माणसं उरली. ऑरिनच्या बायकोनं, वर्नानं भाजलेलं मांस, बीन्स, बटाट्याचं सॅलड टेबलावर मांडलं, ऑरिनच्या खुर्चीसमोर मुद्दाम काही ठेवलं नाही, आणि थेरनला प्रार्थना म्हणायला सांगितलं. त्यानं लांबवली. आमेनच्या आधी दशमांशाचा उल्लेख आला तसा त्याच्या बहिणीनं, जोलीननं एक डोळा उघडला.

"प्रार्थनेत टोमणे मारायचे नाहीत, थेरन. देवाला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"मी आभार मानले."

"माझी कालवड घेतलीत म्हणून आभार?"

"जोलीन, पाव घे," वेस म्हणाला. मॅरनचा हा नवरा भावंडांत सर्वांत धाकटा, आणि भांडण दिसलं की कुणाच्या तरी ताटात काहीतरी वाढायचं ही त्याची लहानपणापासूनची सवय.

"घेते. पण गंमत बघ ना. अख्ख्या घरात दशमांश न मानणारी मी एकटी. माझी इथे एकच गाय. तिचं एकच वासरू. आणि लाल रंग कुणाच्या पाठीवर? देवाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं!"

मॅरनच्या हातातला चमचा सॅलडमध्येच थांबला. त्या पांढऱ्या तोंडाच्या कालवडीची आई कोण, हे तिला तोवर सुचलंच नव्हतं. डचेस. ऑरिननं मृत्युपत्रात लेकीच्या नावानं लिहिलेली गाय. दोनशे गुरांतली एक.

"न मानून चालत नाही," थेरन म्हणाला. "अब्राहामानं दशमांश दिला तेव्हा मोशे जन्मलाही नव्हता. म्हणजे हा नुसता मोशेच्या नियमशास्त्राचा भाग नाही. त्याच्याही आधीचं आहे."

"अब्राहामानं एकदा दिला. लढाईतल्या लुटीतून. दर मे महिन्यात वासरं मोजत बसला नव्हता तो."

"येशू त्या काटेकोर नियम पाळणाऱ्या परूशांना काय म्हणाला? पुदिन्याचा, जिऱ्याचा दशमांश देता आणि न्याय, दया विसरता. हे करा, पण तेही सोडू नका. सोडू नका, म्हणाला."

"परूशांना म्हणाला! मंदिर उभं होतं तेव्हा. नियमशास्त्र पाळायचंच तर मग सगळं पाळा. एक दशमांश मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांचा, एक सणाला स्वतः खाण्याचा, तिसऱ्या वर्षी विधवांचा नि परक्यांचा. तुम्ही त्यातला सोयीचा तेवढा धरलात. आणि घ्यायचा कुणी? लेवीच्या वंशातल्यांनी. आपले पास्टर कुठल्या वंशातले?"

"ओमाहाच्या," वेस म्हणाला. "वडील टायर विकायचे."

वर्नासुद्धा हसली. टेसी हसली नाही. मॅरन तिच्या ताटाकडे बघत होती. मांसाचे चार तुकडे कापून दिले होते, चारही तसेच होते.

"प्रेषित पौलानं एकाही चर्चकडे दहावा हिस्सा मागितला नाही," जोलीन पुढे बोलत राहिली. "ज्यानं त्यानं मनात ठरवावं आणि द्यावं, कुरकुरत नाही, सक्तीनं नाही. बस. एवढंच."

"मनावर सोडलं की मन काय देतं, ते मी पंधरा वर्षं दान गोळा करतोय ना, बघतोय मी. दहावा हिस्सा म्हणजे कुंपण आहे. कुंपण काढ, मग बघ किती गुरं घरी राहतात."

"मी काही गुरं नव्हते, थेरन."

 ती कशाबद्दल बोलते आहे हे सर्वांना ठाऊक होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी जोलीनचा नवरा तिला सोडून गेला. खानावळीतल्या नोकरीवर ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. त्या वर्षी तिनं चर्चचं वचनपत्र, वर्षभरात किती देणार ते लिहायचं, कोरं पाठवलं. आठवड्याभरात चर्चच्या कारभारी मंडळातले तिघं दारात उभे. दोघं बोलले. तिसरा टोपी हातात फिरवत जमिनीकडे बघत राहिला. तो तिसरा ऑरिन. त्यानंतर जोलीन या गावच्या चर्चमध्ये फक्त दफनांना आली. लिंकनमध्ये शिकवू लागली, तिथे दुसरं चर्च धरलं, बापाशी फोनवर हवापाण्याचं बोलत राहिली. आणि तो गेल्यावर वकिलानं वाचलं: डचेस नावाची गाय आणि तिच्या पोटी जे येईल ते, जोलीनला. कारण लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहणाऱ्या बाईनं गाय घेऊन काय करावं? तरी पाच तास गाडी चालवून ती आज आली होती, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कुंपणाशी जाऊन त्या पांढऱ्या तोंडाकडे पाहून आली होती. बूट दवानं ओले झाले होते. कुणी विचारलं नाही ते बरं, असं तिला वाटलं होतं.

*

थेरन मांस चावत राहिला. आज तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता, आणि ते त्याचं त्याला कळत होतं.

डोळे मिटलेला माणूस ऐकतो मात्र सगळं. पहिल्या आठनंतर खुरांचा आवाज काठीखालून पुढे गेला होता. वासरू अडलं असतं तर आवाज थांबला असता. थांबला नव्हता. आणि मग पुन्हा आठ. त्यानं डोळे उघडायला हवे होते. बाबांनी उघडले असते. पण बुटांच्या खोलीच्या दाराशी तोही कधीतरी थबकला होता, आत ती पोर बिस्किटाला मोठ्यानं समजावत होती की आजोबांची टोपी आता बाबा घालतात, पण ती त्यांना मोठी होते. थेरननं लग्न केलं नव्हतं. त्याच्या मांडीवर बसलेलं एकच मूल म्हणजे टेसी.

इतक्या वर्षांच्या डागणीत डोळे मिटण्याचा असा उपयोग त्यानं पहिल्यांदाच करून घेतला होता. आणि आता बहिणीला कुंपणाचं महत्त्व सांगत होता.

"जाऊ दे," जोलीन म्हणाली. तिनं गार चहाचा ग्लास फिरवला, बर्फ वाजला. "सकाळी रंग लागला तेव्हा लागलंच जरा मनाला. खोटं कशाला बोलू? बाबांनी दिलेली ती एकच गोष्ट. पण मग वाटलं, कुणी मुद्दाम घेतली नाही. मोजून गेली. डोळे मिटून, खरं मोजून गेली. त्या वेळी दारात आले होते ते तसे नव्हते आले. म्हणून चालेल मला."

मॅरननं चमचा खाली ठेवला.  काही न बोलता हे जेवण संपू शकतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. जेवणानंतरचं गोड येईल, कॉफी येईल, जोलीन गाडीत बसेल.

"खरं मोजून नाही गेली," ती म्हणाली.

"काय?"

"मी दोनदा आठ म्हटलं. दहावं बिस्किट होतं. तुमची कालवड अकरावी."

वेसनं बायकोकडे असं पाहिलं की जणू तिनं परक्या भाषेत काही म्हटलं. "मॅरन, चुकून झालं असेल..."

"चुकून नाही. मला बिस्किट दिसलं, आणि मी म्हटलं. कालवड कुणाची ते नाही पाहिलं मी. पाहिलं असतं तरी म्हटलं असतं, बहुतेक. जोलीन, मला माफ..." 

 जोलीनचं तोंड क्षणभर असं झालं जसं कुणी सव्वीस वर्षांपूर्वीचं दार पुन्हा वाजवलं असावं.

"मी ऐकलं होतं," थेरन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"डोळे मिटलेले होते, कान नव्हते. दोनदा आठ आलं ते कळलं मला. गप्प बसलो." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "तेव्हा एकट्या मॅरनवर घालू नका."

वर्ना उठली. तिची गुडघेदुखी जुनी, पण मदत केलेली तिला खपत नसे. कपाटावरून नवऱ्याचं बायबल काढलं, सुरुवातीच्या भागात एका जागी रिबन होती तिथे उघडलं आणि थोरल्यासमोर ठेवलं.

"वाच."

"आई, मला माहीत आहे काय आहे ते."

"मग त्यांनाही कळू दे."

थेरननं चष्मा लावला. काठीखालून जाणारं दर दहावं जनावर परमेश्वराचं, इथपर्यंत तो नेहमीच्या आवाजात वाचत गेला. चांगलं की वाईट, निवडायचं नाही. बदलायचं नाही. "आणि बदललंच," तो अडखळला, "बदललंच तर तेही आणि त्याच्या जागी आलेलंही, दोन्ही पवित्र. सोडवून घेता येणार नाही."

"दोन्ही?" वेसनं विचारलं.

"दोन्ही," वर्ना म्हणाली.

थेरननं पुस्तक मिटलं. "पण आई, हे इस्राएल लोकांना सांगितलेलं. रानातलं. त्या काळचं. आपण काही अक्षरशः..."

जोलीन हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ते सगळं पाणी हसण्याचं नसावं. "ऐका रे! थेरन हॉलक्विस्ट नियम सोडून कृपेच्या बाजूला आला. वेस, तारीख लिहून ठेव."

"लहान पोर आहे ती, जोलीन."

"मग माझं ऐकत होतास ना इतका वेळ? पोर लहान आहे म्हणून नियम वाकतो, आणि बाई एकटी आहे म्हणून वाकत नाही?"

थेरननं चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. तो म्हणाला, "त्या दिवशी मी असतो तर मीही आलो असतो तुझ्या दारात. आणि मी बोललो असतो. बाबा निदान गप्प तरी राहिले."

"माहीत आहे मला." तिनं त्याच्या हाताच्या पालथ्या बाजूवर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी. "कालवडीचा रंग राहू दे. मी देते ती."

"पण ती दहावी नाही," मॅरन म्हणाली. "तुम्हाला द्यायची गरजच नाही."

"म्हणूनच. दहावी असती तर गेली असती, मी दिली नसती." जोलीन रागावलेलीच होती, आवाजात ते होतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. "तुझ्यावरचा राग जायला मला थोडे दिवस लागतील, मॅरन. पण ते तिघं आले तेव्हा माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. आज आहे. ती संधी मी तुझ्या चुकीपायी सोडायची नाही."

"आणि बिस्किट?" वर्नानं विचारलं.

"ते पोरीचं," थेरन लगेच म्हणाला.

"एक गेलं तेवढं पुरे," जोलीन म्हणाली.

दिवसभर एकमेकांना छेद देणारी ती दोघं आता एका बाजूला होती. वेस मान हलवत होता. मॅरनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

"मी मॅरनला विचारलं," वर्ना म्हणाली. तिच्या बोलण्यात धार नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

मॅरननं शेजारी पाहिलं. टेसीची खुर्ची रिकामी होती. चार तुकडे तसेच. ओट्यावर गार व्हायला ठेवलेली दुधाची बाटली नव्हती.

*

गोठ्याच्या दाराशी ती थांबली आणि सवयीनं कान दिला. आत दूध ओढल्याचा आवाज, शेपटी फळीवर आपटल्याचा आवाज. तिसरा आवाज नव्हता.

ती वाट बघत राहिली. टेसी बिस्किटाशी बोलत नव्हती. एक शब्दही नाही.

 ज्याच्यासाठी केलं तेच गेलं होतं. ती आत गेली. टेसी उपड्या बादलीवर बसली होती, दोन्ही हातांनी बाटली धरून, टोपी नाकापर्यंत.

"आई," ती कुजबुजली, "तू दोनदा आठ म्हणालीस."

"हो."

"आजोबांनी मला शिकवलंय. आठ एकदाच येतं."

"हो. मी मुद्दाम म्हटलं. खोटं मोजलं."

"माझ्यासाठी?"

यावर हो म्हटलं तर तो भार पोरीवर जाईल. मॅरन गवतावर बसली. "मला भीती वाटली, टेसी. माझ्या भीतीसाठी."

बिस्किटानं बाटली रिकामी केली आणि नाकानं टेसीच्या पोटाला ढुशी दिली.

"लाल लावलं की ट्रक कधी येतो?"

"ऑक्टोबरात."

"तोपर्यंत दूध कोण देणार?"

"तूच. दुसरं कोण?"

"आणि न लावता?"

"न लावता, ते इथेच राहील. लावायलाच हवं असं नाही. थेरनकाका नको म्हणतात. आत्या नको म्हणते."

"आजी?"

"आजी मला विचारते आहे."

"मग तू काय म्हणतेस?"

कॉलेजात चार वर्षं काढून, टेबलावरचं सगळं ऐकून, मॅरनजवळ सांगण्यासारखं थोडंच होतं. "मी म्हणते, मोजणं खोटं झालं. तेवढंच मला नक्की माहीत आहे. बिस्किट तुझं आहे. तू म्हणशील तसं."

टेसी उठली. बाहेर कुंपणाला टेकवून ठेवलेली काठी आणि रंगाचा डबा घेऊन आली. डबा जड होता, दोनदा खाली ठेवावा लागला. काठीचं टोक तिनं स्वतः बुडवलं आणि काठी आईच्या हातात दिली. मग बिस्किटाच्या गळ्यातली दोरी धरून त्याला भिंतीपर्यंत मागे नेलं.

"पुन्हा मोजायचं," ती कुजबुजली. "मी म्हणणार."

"बरं."

"डोळे मीट."

मॅरननं डोळे मिटले.

"आठ." आवाज मोठा होता. पत्र्याच्या छपराला लागून परत आला. बाहेर घोड्यांपैकी कुणीतरी फुरफुरलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बोलणं चाललं होतं, ते थांबलं.

"नऊ."

मग काहीच नाही. मॅरन ऐकत राहिली. गवतावर खुरं हलली, थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. पुढे काय येईल, येईल की नाही, तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं डोळे उघडले नाहीत. पोरीला घाई होऊ नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेतला.

"दहा."

खुरांचा आवाज अगदी जवळ आला. काठीखाली ऊबदार पाठ असल्याचं मॅरनला हवेवरून समजलं. हात वर होता, आणि खाली येत नव्हता. रंगाचा एक थेंब तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळला.

"आई!" टेसी ओरडली, घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "दहा म्हटलंय मी!"